मागचा डावा

आमच्या शिरगावच्या सोसायटीत मला 'मागचा डावा' म्हणतात. हे नाव तळमजल्यावरच्या सामंतकाकांनी ठेवलं.

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत आयुष्यभर मीटर तपासून काका रिटायर झाले आणि उल्हासनगरच्या बाजारातून पाच स्पीकर घेऊन आले. पुढचे तीन टीव्हीच्या टेबलावर बसले. मागचे दोन भिंतीवर लावायचे, तर घर भाड्याचं आणि मालकाची खिळा ठोकायला मनाई. यावर काकांनी काढलेला तोडगा म्हणजे मी आणि समोरच्या जोशीकाकू. दर रविवारी सकाळी दहाला आम्ही दोघं त्यांच्या खुर्चीमागे स्टुलांवर बसतो आणि एकेक स्पीकर कानाच्या उंचीला धरून ठेवतो.

अल्बम एकच. काकांच्या कॉलेजच्या काळातला, विलायती रॉक, बेचाळीस मिनिटांचा. आधी काका पट्टी घेऊन आम्हाला मोजतात. "डावा, अर्धा इंच वर. गिटार माझ्या खांद्यावरून गेली पाहिजे, बगलेतून नको." जोशीकाकूंना त्यातलं ओ की ठो कळत नाही. एकदा त्या स्पीकर मांडीवर घेऊन मेथी निवडायला लागल्या, तर डोळे मिटलेले काका म्हणाले, "वहिनी, ड्रम गुडघ्याला आला."

शेवटी पोहे मिळतात, पण त्यांच्याबरोबर तोंडी परीक्षा असते. ऑर्गन कुठून कुठे गेला? मी अंदाजपंचे दाहोदरसे काहीतरी सांगतो आणि सटकतो.

मागच्या रविवारी काकू गावाला गेल्या होत्या. त्यांच्या स्टुलावर स्पीकरखाली काहीतरी उंच ठेवावं म्हणून मी दिवाणाखाली शोधायला वाकलो. तिथे एक लांबट खोकं निघालं. आत स्पीकरचे दोन स्टँड होते, जमिनीवर उभे राहणारे. त्यांना खिळा लागतच नाही.

"काका, हे कधी आणलंत?"

"स्पीकरबरोबरच." काका ओट्यापाशी पोहे परतत होते. "एक रविवार लावूनही बघितले. आवाज एकदम करेक्ट." त्यांचा हात थांबला. "पण अल्बम संपला आणि बोलायला घरात कोणीच नव्हतं रे. आत सरकव ते."

मला फार वाईट वाटलं. खोकं आत सरकवून, काकूंचा स्पीकर दोन उशांवर टेकवून मी माझा स्पीकर धरून बसलो. अल्बम झाला, पोहे झाले, काका मला सोडायला दारापर्यंत आले.

"काका," मी म्हटलं, "आज मला काही नीट ऐकू आलं नाही. पहिल्यापासून परत लावता का?"