फाटकावरचा संताप

फोरमनच्या फाटकासमोर पुन्हा कोणीतरी गाडी लावून गेलं होतं आणि फोरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. गुरुवारी आक्काला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला, डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. मागची तारीख अशाच एका गाडीपायी घरची गाडी आत अडकून हुकली होती. परक्या गाडीत आक्का पाय ठेवायची नाही, आणि हल्ली चहात बिनदिक्कत मीठ घालायची.

"सूनबाई, पाटी करून दे! ‘येथे गाडी लावू नये.’ वाचून माणूस टरकला पाहिजे!"

सूनबाई कॉम्प्युटरवर अक्षरांचे फॉन्ट घडवायची. तिने आपला ताजा फॉन्ट वापरला. ब्रश सहज फिरवल्यासारखा, कुठे जाड, कुठे बारीक, शिरोरेषासुद्धा डुलणारी. आइस्क्रीमच्या डब्यावर ठीक आहे हो! पण ज्या अक्षराला स्वतःला धड ओळीत उभं राहता येत नाही, ते लोकांना काय डोंबलाची शिस्त लावणार?

दुपारीच एका जोडप्याने पाटीशी उभं राहून फोटो काढला. संध्याकाळी बेल वाजली.

"काका, आत कॉफी मिळते ना?"

"पाटी वाचता येत नाही?"

"वाचली की! काय गोड आहे हो! म्हटलं, आतही मजा असेल."

फोरमनने दार आपटलं. "सूनबाई, खाली लिही, ‘कारवाई करण्यात येईल’!"

तिने लिहिलं. त्याच फॉन्टमध्ये. कारवाई इतकी लाडिक दिसू लागली की दुसऱ्या दिवशी तिथे दोन गाड्या लागल्या.

बुधवारी फोरमनचा संयम सुटला. त्याने पाटी उचकटून भिरकावली, काळा रंग आणला आणि फाटकावरच रंगवलं, ‘गाडी लावाल तर काच फोडीन!’ मग दोन पावलं मागे सरून पाहिलं. कुठे जाड, कुठे बारीक. शिरोरेषा डुलत होती.

"माझं अक्षर चोरलंस?"

"चोरलं कुठे, बाबा? न्हाणीघराच्या दारावर तुम्ही ‘नळ बंद करा’ रंगवलंत, जिन्यात ‘चपला इथे नकोत’. त्यावरूनच केलाय फॉन्ट. किती खेळकर हात आहे तुमचा!"

"खेळकर? संतापून लिहिलं होतं मी ते!"

सूनबाईला खरंच आश्चर्य वाटलं. "हो? घरात कोणालाच कळलं नाही हो. आम्ही हसायचो."

गुरुवारी सकाळी फाटकासमोर गाडी होतीच. मालक काच फोडण्याच्या धमकीचा फोटो काढत होता.

"काका, कोणी रंगवलं हे? माझ्या दुकानाला अशीच पाटी हवीय!"

फोरमनने दातओठ खाल्ले. मग आक्काचा हात धरला. "रंगवून देतो. आधी हिला दवाखान्यात पोचव."

आक्काला दिसत नव्हतंच. घरचीच गाडी समजून ती मुकाट बसली.

ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाल्यावर घरी येताना आक्का फाटकाशी थबकली, एकेक अक्षर स्वच्छ वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसली.

"इश्श! कोणाचा वाढदिवस आहे रे?"