कावळ्यासाठी समुद्राकडची खोली

कावळ्याला समुद्राकडचीच खोली कशाला लागते, असं मी चार जणांना विचारलं आणि चौघांनीही मला फॉर्म भरायला सांगितला.

फॉर्म तालुक्याच्या दशक्रिया कार्यालयाचा होता. माझा थोरला भाऊ भानुदास कावीळ होऊन अकरा दिवसांत गेला. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा आला, समोरच्या दगडावर बसला आणि शिवला नाही. आई माझ्याकडे बोट करून म्हणाली, रघूचं लग्न करून देऊ. मामा म्हणाले, तुझ्या आईला मी बघतो. कावळा बसून राहिला. ऊन तापलं, लोक घड्याळं बघायला लागले, तसा गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा शिवत नसला की दर्भाचा शिववून मोकळं होतात, तो बदली कामगार. मी तो गुरुजींच्या हातातून ओढला आणि नदीत फेकला. तेव्हा खरा कावळा पहिल्यांदा बोलला.

"मृताचा कोरवेळचा समुद्र राहिला आहे," तो म्हणाला. "स्थळपाहणी करावी लागेल. मी आणि एक वारस. तीन रात्री."

"मग हे आधी सांगायचं ना साहेब," मामा म्हणाले. "माणसं सकाळपासून उपाशी आहेत."

आम्ही दोघं भाऊ लादी पॉलिशचं काम करायचो. कोरवेळ म्हणजे मोठ्या लोकांचं समुद्राकाठचं गाव. चार वर्षांपूर्वी तिथल्या सगळ्यात मोठ्या रिसॉर्टच्या फरशीचं काम निघालं, तेव्हा माझा हात मोडलेला होता, म्हणून दादा एकटाच गेला. सात आठवडे राहिला. धूळ बाहेर जाऊ नये म्हणून समुद्राकडच्या सगळ्या काचांना जाड कागद चिकटवला होता. कामगारांना मागच्या फाटकातून टेम्पोने आत घ्यायचे आणि टेम्पोनेच बाहेर काढायचे. समुद्र चाळीस पावलांवर होता आणि दादाला तो फक्त मशीन बंद केल्यावर ऐकू यायचा. घरी आल्यावर मला म्हणाला, "रघ्या, आवाजावरून लई मोठा वाटतो रे." मी ही गोष्ट अख्ख्या गावाला सांगितली. आमचा दादा सात आठवडे समुद्रावर राहिला आणि नाकात संगमरवर घेऊन आला, असं म्हणून मी चहाच्या टपरीवर लोकांना हसवायचो. दादाही हसायचा. समुद्र बघायचा राहिला असं तो कधी बोलला नाही, पण कार्यालयात त्याची नोंद झाली होती.

मी सहावीपर्यंत शिकलो. फॉर्म सोपा होता, फक्त एका जागी अडलो. तिथे छापलं होतं, मृत व्यक्ती अर्जदाराचा भाऊ आहे / होता, नको ते खोडावे. मी 'होता' खोडलं.

खिडकीवरच्या शेटेबाईंनी फॉर्म परत सरकवला. "असं नाही चालत."

"नको ते खोडा लिहिलंय. मला तेच नको होतं."

बाईंनी कावळ्याकडे बघितलं. कावळ्याने आधी डाव्या डोळ्याने फॉर्म बघितला, मग उजव्या डोळ्याने मला बघितलं. त्याचा डावा डोळा कामाचा आणि उजवा खाजगी आहे, हे मला पुढे कळलं.

"चालेल," तो म्हणाला. "मात्र एक समजून घ्या, रघुनाथ. चौथ्या दिवशी अकराला खोली सोडायची. तोवर पिंड शिवला गेला नाही, तर प्रकरण अतृप्त म्हणून बंद होतं. मग मृत ना इकडचा राहतो ना तिकडचा. त्यावर अपील नाही."

आईने पहाटे उठून पिंडाचा भात केला आणि स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून दिला. एसटीत कावळ्याने खिडकी घेतली. डबा मी मांडीवर घेतला.

रिसॉर्टच्या काउंटरवर रेवती परुळेकर नावाच्या बाई होत्या. त्यांनी आम्हाला दोन पेले कोकम सरबत दिलं आणि ओळखपत्रं मागितली. कावळ्याने पाय वर करून पायातली कार्यालयाची कडी दाखवली.

"बुकिंग तीन जणांचं दिसतंय, सर. तिसरे?"

"डब्यात आहेत," मी म्हणालो.

त्यांनी डब्याकडे बघितलं. "बाहेरचं जेवण आत न्यायला परवानगी नाहीये."

"हे जेवण नाही," कावळा म्हणाला. "अजून."

रेवतीबाईंनी ते लिहून घेतलं. अशा कामासाठी रिसॉर्टला एक खोली राखून ठेवावीच लागते, त्यामुळे त्यांना सवय असावी. तिसऱ्या माणसासाठी जादा गादी लागेल का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मोठा पलंग दादाला ठेवला आणि जादा गादीवर मी झोपलो. कावळा पडद्याच्या दांडीवर बसला. काचांना आता कागद नव्हता.

त्याआधी खोलीकडे जाताना कावळा फरशीवरून चालत आला. नखं टकटक वाजत होती. वळणावर तो सप्पकन घसरला, पंख सावरून उभा राहिला आणि डाव्या डोळ्याने फरशी बघितली. "काम चांगलं आहे," तो म्हणाला.

पाहणीच्या यादीत पहिल्या दिवशी समुद्र होता. पांढरी वाळू, निळ्या छत्र्या, आडवं पडायच्या खुर्च्या. कावळ्याने एक खुर्ची घेतली. मी समोर वाळूत केळीचं पान मांडलं, त्यावर पिंड ठेवला आणि शेजारी बसलो. वारा होता म्हणून पिंडावर दोन्ही हातांची ओंजळ धरली. कावळा तासभर डाव्या डोळ्याने समुद्र बघत होता, मग दोन तास उजव्या डोळ्याने.

पलीकडच्या खुर्चीवरच्या पुण्याच्या बाई बराच वेळ बघत होत्या. "काही शूटिंग आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही. दहावा आहे."

"अगं बाई. आज?"

"झाला. म्हणजे अजून चालू आहे."

बाईंनी त्यांच्या मिस्टरांना हलक्या आवाजात सांगितलं, आणि मिस्टरांनी छत्री आमच्या बाजूला थोडी कलती केली. चांगली माणसं होती.

"समुद्र झाला," कावळा म्हणाला. मग खुर्चीवरून उतरून तो दोन पावलं पुढे आला, पिंडाकडे बघितलं आणि परत जाऊन बसला. "उद्या जेवण."

पिंड रोज ताजा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुदपाकखान्यात गेलो. तिथले मुख्य आचारी मोंडकर म्हणून होते, गळ्याशी लाल रुमाल. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. भात कोणता, किती मऊ, काळे तीळ आत की वर. अर्ध्या तासाने पिंड आला तो काळ्या दगडी ताटलीत. एका बाजूला कसल्या तरी हिरव्या चटणीचा फराटा ओढला होता, दुसऱ्या बाजूला नारळाचा फेस, आणि माथ्यावर जांभळं फूल.

कावळ्याने डाव्या डोळ्याने ताटली बघितली. "हा पिंड आहे की वाढदिवस?"

मोंडकरांचं तोंड उतरलं. "साहेब, माझ्या हातच्या पदार्थाला सहसा तक्रार येत नाही."

"पिंडाला तर कधीच येत नाही," कावळा म्हणाला. "म्हणूनच मला ठेवलंय."

त्यांनी फूल काढलं, चटणी पुसली. फेस थोडा राहिला.

दुपारी थाळी आली. तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. दादाच्या वाटणीचं कावळ्याने खाल्लं आणि काही हातचं राखलं नाही. माझं ताट तसंच होतं.

"जेवा," तो म्हणाला.

"जात नाही घशाखाली."

"वारसाने जेवणं बंधनकारक आहे."

"कुठे लिहिलंय?"

"तुम्ही सही केलीत त्याच्या मागच्या बाजूला. तुम्ही मागची बाजू वाचली नाहीत."

वाचली नव्हती. मग मी जेवलो. तिसऱ्या कशा खायच्या ते मला येत नव्हतं. कावळ्याने शिंपला चोचीत धरून दोनदा करून दाखवलं. दादा गेल्यापासून मी पहिल्यांदा पोटभर जेवत होतो, आणि सोलकढी दोनदा मागितली. पिंड टेबलावर माझ्या डाव्या हाताशी होता. त्यावर माशी बसू नये म्हणून मी डावा हात तिथून काढला नाही.

कठड्यावर कोरवेळचे कावळे बसले होते. खाऊन खाऊन गोल झाले होते सगळे. त्यातला एक आमच्या टेबलापर्यंत आला. "एवढं काय ताटकळत ठेवलंय पोराला? आम्ही शिवतो की."

"तुमची हद्द बटाट्याच्या काड्यांपर्यंत," आमचा कावळा म्हणाला. तो गोल कावळा अपमान झाल्यासारखा उडाला आणि वाटेत पुण्याच्या बाईंची एक काडी घेऊन गेला.

"जेवण झालं," कावळा म्हणाला. पिंडाकडे बघितलं. शिवला नाही.

एक खरं सांगतो. तो शिवला नाही की मला बरं वाटायचं. अतृप्त म्हणजे काय ते मला कळत होतं, आणि दादाला तसं लटकत ठेवायला मी आलो नव्हतो. तरीही कावळा मागे वळला की मनात यायचं, चला, अजून एक दिवस.

तिसऱ्या दिवशी निसर्ग होता. काशिनाथ तांडेल नावाच्या माणसाच्या होडीतून आम्ही खाडीत गेलो. दोन्ही बाजूंनी खारफुटी, चिखलातून वर आलेली मुळं, त्यांवर बसलेले निळे खंड्ये. कावळ्याने खंड्यांकडे सरळ दुर्लक्ष केलं. होडी समुद्रात आली तशी काशिनाथने इंजिन बंद केलं आणि आम्ही डॉल्फिनची वाट बघत बसलो.

"डब्यात काय?" काशिनाथने विचारलं.

"भाऊ."

"धाकटा?"

"थोरला."

"मग घट्ट कशाला धरलाय? थोरले पडत नसतात." तो हसला, आणि मग त्याने होडी जरा कमी हलेल अशी धरली. मी डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. लांबवर एक काळी पाठ पाण्याबाहेर आली आणि गेली.

"डॉल्फिन दिसला," कावळा म्हणाला. "अर्धा. पुरेसा आहे."

किनाऱ्यावर आल्यावर त्याने मला डबा उघडायला सांगितलं. मी उघडला, पण मांडीवरून खाली ठेवला नाही. कावळा होडीच्या काठावर बसून बघत राहिला आणि मग खोलीकडे चालत गेला.

चौथ्या दिवशी सकाळी मोंडकर स्वतः पिंड घेऊन आले. नुसता भात, नुसते तीळ, केळीचं पान. मुठीत दाबल्याच्या बोटांच्या खुणा तशाच होत्या. "माझ्या वडिलांना असा केला होता," ते म्हणाले. "तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं." कावळ्याने मान खाली केली.

आम्ही किनाऱ्याच्या टोकाला सुरूच्या झाडांकडे गेलो, जिथे खुर्च्या नाहीत. दहा वाजून गेले होते. मी पान वाळूत मांडलं, चार शिंपल्यांनी दाबलं आणि पिंडावर हाताचा आडोसा धरून शेजारी बसलो.

"यादी पूर्ण झाली," कावळा म्हणाला. "समुद्र, जेवण, निसर्ग. मृताचं काही राहिलेलं नाही."

"मग शिवा की."

"कसा शिवू? नदीवर सगळे मागे सरले तेव्हा तुम्ही पिंडाच्या डोक्यावर उभे होता. इथे पहिल्या दिवशी ओंजळ धरलीत. काल डबा मांडीवरून उतरला नाही. मी कावळा आहे, रघुनाथ. माणसाच्या हाताखालचं उचलत नाही."

"वारा आहे. वाळू उडते त्यात."

"उडू द्या."

मी हात काढला नाही. लाट आली, गेली.

"तुम्ही शिवल्यावर तो कुठे जाणार?"

"ते दुसरं खातं."

"त्याला एक सांगायचं होतं. मी टपरीवर त्याला हसायचो ते."

"तो हसायचा का?"

"सगळ्यांत जास्त तोच हसायचा. शेवटी तर तोच लोकांना सांगायचा. मला म्हणायचा, तुला नीट सांगता येत नाही."

कावळ्याने उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "मग ते राहिलेल्यात धरत नाहीत."

रेवतीबाई वाळूतून चपला हातात घेऊन आल्या. पिंड बघून त्या लांबच थांबल्या. "सर, अकराला वीस मिनिटं कमी आहेत," त्या तिथूनच म्हणाल्या. "घाई नाही. फक्त सांगायला आले." आणि त्या परत गेल्या.

"किती लांब जायचं?" मी कावळ्याला विचारलं.

"थांबा म्हणेन तेव्हा थांबा."

मी उठलो. आधी उलटा चालायला लागलो, तोंड पिंडाकडे ठेवून. दहा पावलं झाली. कावळा जागचा हलला नाही. वीस झाली. वाळूत उलटं चालणं जमत नाही, टाच रुतली आणि मी बसकण मारली. उठलो, विजार झटकली. कावळा तसाच बसून होता. माझं बघणं त्याच्यापर्यंत पोचत होतं.

मग मी पाठ फिरवली आणि माणसं चालतात तसा सरळ चालायला लागलो. पाठीमागे पंख फडफडल्याचा आवाज आला, मी वळलो नाही. सुरूची झाडं मागे पडली. थांबा असं कुणी म्हणालं नाही, म्हणून मी चालत राहिलो.