निर्झर सोसायटीचा बारा इंची उंबरा

पाणी उतारावरून खाली येते, हे सर्वमान्य आहे. खाली आल्यावर त्याने कुठे जावे, हा मात्र सर्वसाधारण सभेचा विषय आहे.

मुलुंडच्या पश्चिमेला, जिथे डोंगर संपतो आणि गाड्या लावायला सुरुवात होते, त्या चढाच्या गल्लीत 'निर्झर' सोसायटी आहे. नाव उगाच दिलेले नाही. डोंगरावरचा ओहोळ पूर्वी इथूनच खाडीकडे जाई. पुढे त्याची रीतसर पदावनती झाली : डोंगरात ओहोळ, 'शिखर' सोसायटीच्या मागे नाला, गल्लीत गटार आणि 'निर्झर'च्या आवारात पार्किंग क्रमांक सात, आठ व नऊ. (बिल्डरच्या माहितीपत्रकात तो अजून वाहतो. निळा, बाजूला दोन बदके.)

गल्लीच्या वरच्या अंगाची 'शिखर' सोसायटी दूरदर्शी. तिने उन्हाळ्यात आवार दोन फूट उंच करून पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. तिथे मुरणारे पाणी मुरायचे थांबले आणि जूनमध्ये 'निर्झर'च्या गेटातून आत येऊन, बाहेर पडायला वाट नसल्याने, आवारात मुक्कामाला राहिले.

हे प्रथम पाहिले ते दुसऱ्या मजल्यावरच्या ऋताने. ऋता भूगोल घेऊन बी.ए. झालेली, आणि तिला दोन वर्षांची अबोली. एवढ्यावर कुणाचीही झोप उडेल. अबोलीला सकाळी गल्लीच्या खालच्या टोकाला, मैत्री चाळीत द्रौपदीमावशींच्या पाळणाघरात सोडायचे आणि अंधेरीला ऑफिस गाठायचे, हा तिचा दिनक्रम. मधल्या वेळात ती काळजी करी. आवारातले पाणी तिने अबोलीच्या गमबुटाने मोजले. दोन बूट भरले.

सभेत ती म्हणाली, "काका, सात-आठ-नऊच्या खाली गटाराचं तोंड आहे ना? ते उघडा. पाणी मागच्या मागे निघून जाईल."

"अगं, आणि गाड्या?" सेक्रेटरी देवव्रतकाकांनी विचारले.

"बाहेर लावू दे ना."

आठ नंबरात गाडी लावणाऱ्या जयंतीताईंना पाणी द्यावे लागले (बाटलीतले).

मग कमिटीने ऋताचा 'जागरूक माता' असा गौरव करून तिच्या सूचनेतला पाण्याचा भाग तेवढा स्वीकारला आणि गाड्यांचा भाग वगळला. गेटात बारा इंची सिमेंटचा उंबरा घालायचा, गाड्यांसाठी दोन्हीकडून उतार द्यायचा, असे ठरले. पाण्याला प्रवेश बंद.

"पण मग ते जाणार कुठे?" ऋताने विचारले.

"खाली."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली गं! आपल्या हद्दीबाहेर."

ऋताने बी.ए.ला पाणलोट क्षेत्रावर बारा मार्कांचे उत्तर लिहिले होते. त्यात हद्दीचा उल्लेख नव्हता. पण अबोली खांद्यावर झोपली होती, सह्यांची वही पुढे आली होती, आणि पाणी आवारात नको ही मागणी तर तिचीच होती. तिने सही केली. चौतिसावी.

जुलैतल्या एका गुरुवारी दुपारी उंबऱ्याचे उद्घाटन पावसाने स्वहस्ते केले. आवार कोरडे ठणठणीत. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आले, खाली एकेचाळीस अंगठे. ऋताने ऑफिसातून 'झकास!' लिहिले. पुढच्याच मिनिटाला फोन वाजला.

"ऋताताई, घाबरू नका," द्रौपदीमावशी म्हणाल्या. "पोरं माळ्यावर चढवलीत."

"मावशी, पाणी किती आहे?"

"माझ्या मांडीला. म्हणजे तुमच्या पोरीच्या डोक्यावरनं. म्हणून तर चढवलीत ना!"

डोंगरावरच्या पाण्याला पाळणाघर गाठायला अकरा मिनिटे लागली (मावशींच्या घड्याळाप्रमाणे). ऋताला अंधेरीहून दोन तास वीस मिनिटे लागली. दोन्ही मार्ग महापालिकेच्या हद्दीतलेच आहेत.

पाळणाघरात मुले एकूण पंधरा : 'निर्झर'ची नऊ, 'शिखर'ची दोन, चाळीतली चार. माळ्यावर चौदा मावली. पंधरावा प्रबुद्ध, मावशींचा नातू. तो आजीच्या खांद्यावर बसून होता आणि आजी पाण्यात उभी होती. ऋता पोचली तेव्हा पाणी ओसरले होते, पण मावशींनी प्रबुद्धला अजून खांद्यावरून उतरवले नव्हते. अबोली माळ्यावर बिस्किट खात होती.

"दर साल यायचं हो घोट्याएवढं," मावशी म्हणाल्या. "यंदा पत्ता हातात दिल्यागत थेट दारात. वर कुणी उंबरा घातलाय म्हणे. सही कुणाची?"

"कमिटीची," ऋता म्हणाली. अबोलीला घेऊन ती चढाने वर आली. उंबरा तिने पायाने ओलांडला. चांगला पक्का होता.

रविवारी तातडीची सभा. नऊ मुलांचे आईबाप एकदम बोलत होते. देवव्रतकाकाही प्रथमच त्यांच्या बाजूने बोलत होते. नऊंतला एक नातू त्यांचा होता. प्रश्न जिवाचा असल्याने गाड्यांची चर्चा कुणी काढली नाही, आणि त्यामुळे गाड्या जागच्या जागी राहिल्या. ठरले ते असे : द्रौपदीमावशींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. नऊही मुले 'शिखर'मधल्या नव्या पाळणाघरात, तिसऱ्या मजल्यावर हलवावीत. उंबरा आणखी सहा इंच वाढवावा.

"आणि चाळीतली पोरं?" ऋता म्हणाली.

"ती कुणाची आहेत?" जयंतीताईंनी विचारले. निव्वळ माहितीसाठी.

देवव्रतकाकांनी याचाही विचार केला होता. आपली नऊ आणि 'शिखर'ची दोन कमी झाल्यावर माळा बराच मोकळा होणार होता. म्हणजे प्रबुद्धचीही सोय आपोआप झाली.

ऋता काहीतरी बोलणार होती. पण 'शिखर'मध्ये बाहेरच्यांसाठी जागा नऊच होत्या, आणि मत न देणाऱ्याचे नाव प्रवेशाच्या यादीत कुठे बसते हे तिला ठाऊक नव्हते. अबोली एका हातावर होती. दुसरा मोकळा होता. तो वर गेला.

ठराव एकमताने मंजूर.

इथवर वाचून ज्यांना ऋताचा संताप आला, त्यांनी जरा खाली उतरून आपल्या गेटातला उंबरा मोजावा. अठरा इंचांपेक्षा कमी भरल्यास सेक्रेटरीकडे तक्रार करता येते. मोजायला गेलेले बहुतेक जण तेच करतात.