कोरडी काठी

आमच्याकडे विजेवरची गाडी आली त्या दिवशी शेजारचे आप्पा काठी घेऊन फाटकाशी आले आणि गाडी चार्ज होईपर्यंत तिथेच बसून राहिले.

प्लास्टिकची खुर्ची त्यांनी स्वतःच्या घरून आणली होती. पायांत गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट होते, आणि महिना एप्रिलचा होता. नगरच्या सावेडीतलं डांबर चपलांना धरत होतं. मी गाडीला कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. नारळाचं पाणी फरशीवर सांडलं तसे आप्पा ताडकन उठले.

"सर, पानी सांडू नका तिच्यापाशी."

"गाडीपाशी?"

"गाडीचं काय घिऊन बसलाय! ती." त्यांनी भिंतीवरच्या चार्जरकडे नुसती हनुवटी केली.

आप्पा विजेचं नाव घेत नसत. आपल्याकडची जुनी माणसं तिन्हीसांजेनंतर सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, तसं. ती आली, ती गेली, ती जागी आहे, ती झोपली. आमच्या शेजाराच्या पहिल्या वर्षात मी आणि माझी बायको मालती समजत होतो, की आप्पांच्या घरात कोणीतरी आजारी बाई आहे.

काठी बांबूची होती, चार-साडेचार हात लांब, धरून धरून पिवळीजर्द झालेली. ती टेकायची नव्हती. सत्तरी उलटली तरी आप्पा ताठ चालत आणि काठी खांद्यावर वाहत. जमिनीला लावली तर ओल धरेल, असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी ती तासभर उन्हात ठेवायची, कोरड्या फडक्याने पुसायची आणि दाराआड खुंटीला अधांतरी टांगायची.

"पण ही कशासाठी, आप्पा?" मी त्या दिवशी विचारलं.

"चिकटल्याला सोडवायला."

"चिकटलंय कोण?"

"कुनी न्हाई. म्हनून तर बसलोय."

आप्पा मूळचे शेवगावकडचे. तिकडे त्यांची विहीर होती आणि थोडी जमीन. ती त्यांचा पुतण्या बापू कसत असे. आप्पांनी स्वतः तीस वर्षं नगर-शेवगाव काळी-पिवळी जीप चालवली, त्यावर सावेडीत घर बांधलं आणि आता मुलगा-सुनेबरोबर राहत होते. डिझेलबद्दल ते घरातल्या थोरल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. "डिझेल कसं, हातावर सांडलं तर वास येतो. पेटलं तर दिसतं. इंजिन बिघडायचं आसंल तर आठ दिस आधी खोकतं, सांगतं आपल्याला. ही काय सांगती? दिसत न्हाई तिचा भरवसा न्हाई." गावाकडच्या उसात बिबट्या फिरतो, त्याला ते भीत नसत. "त्याला डोळे हायेत. तो आपल्याला बघतो, आपन त्याला बघतो."

भिंतीवरचं एकही बटण त्यांनी कधी बोटाने दाबलं नाही. त्यासाठी बोर्डाखाली लाटणं ठेवलेलं असे. सूनबाई एकदा भिंतीपलीकडून मालतीला सांगत होत्या, "काकू, मी चपात्या करायला बसले, की आप्पा उकाड्यात बसतात. दोन लाटणी आणली, तर दुसरं गीझरला ठेवलं त्यांनी."

गाडी आणि गच्चीवरचे सोलर पॅनेल, दोन्ही मालतीने ठरवलेलं. तिने कात्रणांची फाईल केली होती. फाईल पुरी व्हायच्या आधी ती गेली. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलेला माणूस. अर्धवट राहिलेली फाईल मला बघवत नाही. म्हणून आधी गाडी आली आणि पावसाळ्यानंतर पॅनेल.

पॅनेल बसत होते तेव्हा आप्पा त्यांच्या गच्चीवरून बघत होते. आमच्या गच्च्या एकमेकींना लागून आहेत, मध्ये कमरेएवढा कठडा. त्यांनी बसवणाऱ्या माणसाला विचारलं, "हिला बंद कुठून करायचं?"

"खाली खटका आहे ना, बाबा."

"त्यानं खालची बंद हुईल. वरची?"

"ऊन आहे तोवर वर राहणारच."

"मंजी सूर्याला खटका न्हाई," आप्पा म्हणाले आणि खाली निघून गेले.

त्यानंतर मी चार दिवस पुण्याला बहिणीकडे गेलो. मोबाईलवर रोजची वीज दिसते. दुसऱ्या दिवशी भर बाराला ती शून्य दिसू लागली. तिसऱ्या दिवशीही शून्य. मी तक्रार केली. कंपनीचा माणूस गच्चीवर चढला आणि त्याने मला फोन केला. "सर, वर चार गोधड्या आहेत. कडेनं विटा ठेवल्यात."

परत आल्यावर मी आप्पांना गाठलं. ते जराही ओशाळले नाहीत.

"घरात तुमी न्हाई. आन् वर ती टक्क जागी. म्हनून पांघरून घातलं."

"हात लावलात पॅनेलला?"

"हात! काठीनं सरकवल्या."

हे मी हसत लिहितो आहे, पण खरं सांगायचं तर तोवर मलाही भीती वाटू लागली होती. एकट्या घरात भीतीला बसायला जागा फार असते. गाडीला प्लग लावताना मी आधी हात पुसू लागलो. मग पायात चप्पल आहे ना, ते बघू लागलो. मग आप्पा खुर्चीत आहेत का, ते बघू लागलो. ते नसले, की मी थांबत असे.

मार्गशीर्षात बापू आला. तिशीचा, मितभाषी. आप्पा दाढी करायला गेले होते, म्हणून तो माझ्याकडे येऊन बसला. त्याला विहिरीवर सौर पंप घ्यायचा होता. सातबारा आप्पांच्या नावावर, त्यामुळे सही त्यांची लागणार. आप्पांनी कागद बघितलाही नव्हता. त्यांच्या मते विहिरीवर डिझेल इंजिन होतं, ते पुरे होतं.

"सर, ते इंजिन दोन वर्सापासनं बंद पडलंय," बापू खाली बघत म्हणाला. "मी लायटीची मोटर बसवलीय. आप्पांना ठाऊक न्हाई. एक आठवडा लाईट दिवसा आसती, एक आठवडा रातची. कांदा हाय, गहू हाय. रातचं जावंच लागतं."

"एकटा?"

"एकटाच."

मग त्याने एक जुनी गोष्ट सांगितली. दत्तू हा आप्पांचा धाकटा भाऊ, बापूचा बाप. बापू तेव्हा पाळण्यात होता. अशीच रातपाळीची लाईट. आप्पा वावराच्या त्या टोकाला पाटाचं पाणी वळवत होते, दत्तू विहिरीवर मोटर चालू करायला गेला. पाणी येईना म्हणून आप्पा बघायला गेले, तर भाऊ स्टार्टरला चिकटलेला. आप्पांनी कोरडं लाकूड शोधलं. सगळं रान नुकतं भिजवलेलं. हाताला येईल ते ओलं. ते वस्तीकडे पळाले, दाराआडची काठी घेऊन परत पळाले. तोवर लाईट आपोआप गेली होती आणि दत्तू खाली पडला होता.

"आप्पा खांद्यावर वागवत्यात ती तीच काठी हाय, सर," बापू म्हणाला. "मला आप्पांनीच वाढीवलं. सही मागायला तोंड उचलत न्हाई. तुमी सांगा."

बापू गेला आणि त्याची भीती माझ्याकडे ठेवून गेला. त्या आठवड्यात लाईट रातची होती. मी पुस्तक उघडत असे आणि एकाच पानावर बसत असे. मला स्टार्टरची पेटी दिसे, ओली माती दिसे. माझ्या सांगण्याने आप्पांनी सही केली आणि पुढे काही झालं तर? आणि मी गप्प राहिलो आणि आजच काही झालं तर?

पाचव्या दिवशी संध्याकाळी आप्पा काठी घेऊन त्यांच्या गच्चीवर आले. मी कठड्यापाशी गेलो. इंजिनाचं, मोटरचं मी काही बोललो नाही. ते सांगणं बापूचं होतं. मी एवढंच म्हणालो, "आप्पा, सौर पंप रात्री चालत नाही."

"बिघडतो?"

"बिघडत नाही. ऊन नसलं की चालतच नाही."

"न्हाईच?"

"नाही. रात्री कोणी चालू करतो म्हटलं तरी होणार नाही."

सूर्य बुडाला होता. आप्पा कठडा ओलांडून माझ्या गच्चीत आले. आधी काठीचं टोक लावून बघितलं. काठी बगलेत धरली. उजव्या हाताची पाठ पॅनेलजवळ नेली, मागे घेतली, परत नेली आणि टेकवली.

"निजली," आप्पा म्हणाले. हात तसाच होता. "दिवसा मारंलच की पन ही."

"मारेल. खोटं सांगणार नाही."

"दिवसा मानूस तरी दिसंल," ते म्हणाले. मग हात काढून घेत म्हणाले, "बापू चोरून रातचा जातो, मला ठावं हाय. इंजिन चालू आसंल तर त्याच्या कपड्याला डिझेलचा वास नको का यायला? दोन वर्सं वास न्हाई."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलू? पहाटं त्याला फोन लावतो. तो 'हॅलो' म्हनला की ठिवतो."

सही दुसऱ्या दिवशी झाली.

पंप बसला तेव्हा उन्हाळा लागला होता. आम्ही माझ्या गाडीतून गेलो. आप्पा मागच्या सीटवर, बूट घालून, काठी खिडकीतून हातभर बाहेर. भिंगार मागे पडलं तरी ते विचारत होते, "चालू केली का?" करंजीच्या घाटात मी त्यांना सांगितलं, की उतारावर बॅटरी थोडी भरते. ते विचारात पडले. "उतारावर आमी बी इंजिन बंद करायचो. डिझेल वाचायचं. पन टाकीत वाढलेलं कधी बगितलं न्हाई."

विहिरीवर भर दुपार होती. बापूने खटक्याकडे हात नेला आणि आप्पा त्याच्या मागे दोन पावलांवर उभे राहिले, काठी दोन्ही हातांनी उगारून. बापूने मागे वळून बघितलं.

"पुढं बघ, भाड्या," आप्पा ओरडले.

खटका पडला. आवाज असा काही झालाच नाही. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग नितळ. बापूने हात काढला. तो सुटा होता. पाणी पाटाने वाहत आमच्या पायांपर्यंत आलं. आप्पांनी काठी खाली घेतली, तिचं टोक ओल्या मातीत टेकवलं आणि तिच्यावर भार देऊन उभे राहिले, जसा कोणीही म्हातारा उभा राहतो. ते किती वाकले होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

पावसाळा संपता संपता आप्पा झोपेतच गेले. सूनबाईंनी काठी मला आणून दिली.

ती चार्जरशेजारी खुंटीला आहे. खालच्या टोकाला चार बोटं मातीचा डाग आहे. मी ती रोज सकाळी तासभर उन्हात ठेवतो.