बरणीतले तडीपार

आमच्या परळच्या चाळीला अलार्मची गरज पडत नाही. सकाळी गच्चीवरून कांबळेकाकांची आरोळी येते, "आरोपी हाऽऽजिर हो!" आरोपी म्हणजे त्यांच्या मक्यावरचा किडा.

काका कोर्टात पट्टेवाले होते. रिटायर झाले, पण कोर्ट काही सुटलं नाही. गच्चीत रंगाच्या डब्यांत त्यांनी मका लावलाय. कणसं दुधावर आली की ढालीसारख्या पाठीचे हिरवे किडे येतात, सोंड खुपसून दाण्यातलं दूध पितात आणि दाणा पोचट करून टाकतात. वर हात लावला की असा वास सोडतात की जेवणावरची वासनाच उडते.

"औषध मारा ना काका."

"रोज सकाळी पंचशील म्हणतो मी. आणि लगेच वर येऊन खून करू?"

म्हणून शिक्षा एकच, तडीपारी. एकेक किडा चिमटीत धरून लोणच्याच्या बरणीत, तोंडाला फडकं, आणि बसने माटुंग्याच्या बागेत. कंडक्टरने एकदा विचारलं, बरणीत काय? काका शांतपणे म्हणाले, "आरोपी. तिकीट माझं एकट्याचं." बागेतल्या झाडांनी यांचं काय घोडं मारलंय, हे विचारायची माझी हिंमत नाही.

एवढा खटाटोप मुलीसाठी. काकू गेल्यापासून काका एकटेच. त्यांची मुलगी मित्रा बंगळुरूला असते आणि ती शनिवारी येणार होती. कणीस म्हणजे तिचा जीव की प्राण. "एक दाणा पोचट नको," काका आठवडाभर बजावत होते, जणू किडे मीच सोडले होते.

शनिवारी आरोळी आली नाही. मी वर गेले. काका डब्याशेजारी बसले होते आणि कणसावर किडे निवांत जेवत होते.

"काका, आरोपी!"

"पोरीचा फोन आला. सुट्टी नाय मिळाली." ते किड्यांकडेच बघत होते. "राहू दे त्यांना. खायला कोणतरी आलंय ना."

मी एक कणीस खुडलं, घरी गॅसवर भाजलं आणि वर येऊन त्यांच्यासमोर खात बसले. अर्धे दाणे पोचट, त्यात तो वास.

"गोड हाय?"

"खूप. उद्यापण एक घेणार."

काका गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मग बसलीस काय? बरणी आण. तुझी कणसं खातायत ते!"