चांदीच्या थाळीचा तळ

शहरातल्या मस्तगड भागात बन्सीलाल शेठच्या नव्या घरात पाय टाकला आणि पुंजाराम दारातच थबकला. फरशी संगमरवराची, इतकी नितळ की तिच्यात आपलंच धोतर उलटं दिसत होतं. ओल्या बांधावरून चालावं तसा तो पावलं चोरत आत गेला. काम एकच होतं. सप्ताहाच्या काल्याला शेठनं घनसावंगीकडच्या त्याच्या गावात यावं, चार माणसांच्या पंगतीत बसावं. "शेठचा होकार आणल्याबिगर वेशीतून आत येऊ नको," असं सप्ताहाचे कारभारी काकासाहेब यांनी पारावर सगळ्यांदेखत बजावलं होतं.

"शेठ, एक इनंती घेऊन आल्तो..."

"पहिले जेवण, मंग बात!"

शेठही जोडीला जेवायला बसले आणि पुंजारामापुढच्या चौरंगावर चांदीची थाळी आली. तिच्यात वाट्यांची अशी आरास की कोणत्या देवाला आधी हात लावावा, हे पुंजारामाला कळेना. वैकुंठात तरी याहून वेगळं काय वाढत असतील, असं म्हणत त्यानं डोळे मिटून हात जोडले. पानात शीत टाकू नये, हे तो जन्मभर कीर्तनात ऐकत आला होता. त्यानं थाळी लख्ख केली.

आता त्या घरची रीत अशी, की थाळी रिकामी म्हणजे पाहुणा उपाशी. शेठाणी भगवतीदेवींनी लगेच चुरम्याचे लाडू वाढले.

"बस झालं, भाभी!"

"शरमाता काय, भाईसाब? एक तो लेना ही पडेगा!"

लाडू संपले, थाळी लख्ख. मग बाटी आली, तिच्यावर तुपाची धार. तीही गेली, थाळी लख्ख. मग पाकात भिजलेला जाळीदार घेवर.

"शेठ, आमच्या गावात सप्ता..." त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात शेठनं स्वतःच्या हातानं त्यात लाडू सारला. एवढा मोठा माणूस आपल्याला भरवतोय! पुंजारामाचे डोळे भरून आले, काही भावानं, काही लाडवानं. विनंती घशात राहिली आणि लाडू तिच्यावर जाऊन बसला. काल्याऐवजी गावाला आता आपल्या तेराव्याचीच पंगत उठवावी लागणार, अशी त्याची खात्री झाली.

भगवतीदेवी आणखी बाटी आणायला आत वळल्या. तेवढ्यात घामाघूम झालेले शेठ त्याच्या कानाशी वाकले.

"पुंजारामजी, हात जोडतो, थाळीत कायतरी राहू द्या! पाहुणा जेवतो तवर मला उठता येत न्हाई. तुमच्या बराबर मीबी खाऊन राह्यलो!"

"अन्न टाकू, शेठ?"

"टाकू नका, ठेवा. आमच्या गाईला जातं ते."

पुंजारामानं घेवराचा उरलेला तुकडा कपाळाला लावला आणि थाळीच्या कडेला ठेवला. भगवतीदेवी आल्या, तुकडा पाहून परत गेल्या. तोंड मोकळं झालं तशी त्यानं एका दमात विनंती सांगून टाकली.

"येतो," शेठ म्हणाले. "एवढा भाव असलेल्या माणसाला न्हाई कसं म्हणू? तुमच्याकडंबी थोडं ठेवलं की सुटका ना?"

"सुटका कशी, शेठ? आमच्याकडं कुणी पानात ठेवलं, तर वाढपी समोर हरिनाम घेत उभा राह्यतो. पान साफ झाल्याबिगर पंगत उठत न्हाई."

शेठनी थाळीच्या कडेच्या तुकड्याकडं एकदा पाहून घेतलं. मग तुपानं माखलेला हात तसाच धरून हळूच म्हणाले, "काला कधी हाय? भूक आजपासून साठवायला घेतो."