मीठ गॅसच्या वायव्येले

आमच्या घरात मीठ सापडायचं असेल तर आधी उत्तर दिशा माहीत पाहिजे. मीठ कुठी ठेवलं विचारलं की माझ्या थोरल्या नणंदबाई, कुसुमताई, पेपरातून डोकं वर न काढता सांगतात, "गॅसच्या वायव्येले, हातभर." चहाचे कप मिक्सरच्या दक्षिणेला. माझा चष्मा टीव्हीच्या नैर्ऋत्येला. एकदा मला पाठ खाजवून द्यायला सांगितली, तर "पूर्वेले सरक, अजून थोडं, आता उत्तरेले" करत त्यांनी मला पाठभर हिंडवलं.

ताई चिखलीच्या एका शाळेत खेळ शिकवायच्या. रिटायर झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या बायका भजनीमंडळात गेल्या, ताई ओरिएंटियरिंगमध्ये गेल्या. हा नकाशा वाचत पळायचा खेळ. रानात ठिकठिकाणी केशरी-पांढऱ्या निशाण्या लपवलेल्या असतात. एक नकाशा, एक होकायंत्र घ्यायचं, त्या निशाण्या क्रमानं शोधायच्या आणि ठरल्या वेळेत परत यायचं. पळायचं एकट्यानं, रस्ता कुणाला विचारायचा नाही. हे ऐकून मी म्हटलं, "ताई, हे तं मी शिकल्याबिगर करतो. फक्त परत येत नाही."

खोटं नाही सांगत. नवी नवरी असताना मी बाजारात मेथी आणायला गेले. बी.ए. पास, डोक्यावर पदर आणि डोक्यात हवा. रस्ता विचारला तर माहेरची बेइज्जती! येताना भलत्याच गल्लीत शिरले. समोर लग्नाचा मांडव. एका बाईनं "या, या, किती उशीर केला" म्हणत हात धरून मला पंगतीत बसवलं. 'मी हरवले' म्हणायची लाज वाटली, म्हणून मी जेवायला बसले. दुसऱ्यांदा बुंदी आली तेव्हा ताई मांडवाच्या दारात उभ्या. चिडल्या नाहीत. "जेवून घे. मंग सरळ दक्षिणेले चाल," एवढंच म्हणाल्या. मेथीची जुडी शेवटपर्यंत माझ्या मांडीवर होती. लोकांना वाटलं असेल, आहेर आणलाय.

ताईंनी लग्न केलं नाही. कुणी विचारलं की सांगायच्या, "पाहाले आलेला माणूस रस्ता चुकून भलत्याच गावाले गेला. तशासंगं संसार कराचा का?" बाकीच्या बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र, ताईंच्या गळ्यात होकायंत्र. झोपतानाही काढत नाहीत.

यंदा लोणारची थंडीतली स्पर्धा जवळ आली, तशा ताई रोज पहाटे गावाबाहेरच्या माळावर सरावाला जाऊ लागल्या. नजर होकायंत्रावर, पाय वाऱ्यावर. वाटेत एक म्हैस रवंथ करत बसली होती. ताई तिच्या अंगावरून पलीकडे गेल्या आणि उजवा खांदा निखळला. बुलढाण्याच्या दवाखान्यात नेताना रडत मी होते, समजूत त्या घालत होत्या. "दिशा बराबर होती वं मंदे. म्हैसच नकाशात नव्हती."

डॉक्टरांनी विचारलं, नेमकं कुठे दुखतं?

"खांद्याच्या आग्नेयेले."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मागून, जरा खाली."

खांदा बसवला, हात झोळीत अडकवला. झोळीचा पट्टा आणि होकायंत्राची दोरी यांचा दिवसातून दहादा गुंता व्हायचा, पण दोन्हींपैकी काही काढायचं नाही. वेणी घालायचं काम माझ्याकडे आलं. "भांग दक्षिणोत्तर येऊ दे," अशी ताकीद. पुढे झोळी निघाली आणि भिंतीवरून बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम सुरू झाला. ताईंनी हॉलच्या भिंतीवर खडूनं टेकड्या काढल्या, नाले काढले, आणि रोज एकेक निशाणी वर सरकवू लागल्या. पाहुणे विचारायचे, "नातवानं भिंत घाण केली वाटते?" आमचे हे शांतपणे सांगायचे, "नाही, बहिणीनं."

मग पुन्हा तपासणीला गेलो, तर डॉक्टर म्हणाले, यंदा पळायचं नाव काढू नका. परत पडलात तर हा हात वर होणं कठीण. घरी येईपर्यंत ताई एसटीच्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून विचारलं, "ताई, चाळणी कुठी आहे?"

"असन तिकडंच कुठी."

मी पिठाचा डबा खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्या बाईच्या तोंडून 'तिकडंच कुठी' मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीच स्पर्धावाल्यांना फोन लावला. जोडीनं, चालत भाग घ्यायचा एक गट होता. ताईंना म्हटलं, "मी नकाशा धरतो, तुमी डोकं चालवा."

"तू? तू तं एखाद्या मांडवात सापडशीन."

"मंग जेवण तं होईन!"

ताई हसल्या. मग लगेच माझ्या चपलांकडे बघून म्हणाल्या, "याच्यावर येशीन का? बूट घे."

तर अशी मी नऊवारीतली मैदानी वीर, साडीखाली पांढरे बूट घालून लोणारच्या माळावर उतरले. आपण जिथं आहोत तिथं नकाशावर अंगठा ठेवायचा आणि चाललो की अंगठाही चालवायचा, एवढं मला शिकवलं होतं. पहिल्या निशाणीला मी नकाशा उलटा धरला. दुसरीला बोरीच्या काट्यांत पदर अडकला. तिसरीला एका वानरानं आमच्याकडे असं पाहिलं, की मीच त्याला नमस्कार केला. पण हळूहळू कागदावरची टेकडी आणि समोरची टेकडी एकच दिसायला लागली. शेवटची निशाणी तर ताईंच्या आधी मला दिसली, आणि मी शाळकरी पोरीसारखी ओरडले.

आता फक्त परतायचं होतं. वेळ थोडा उरला होता. वेळेत पोचलो तर निकालात नाव, नाहीतर नाही. नकाशावर पायवाट सरळ उजवीकडून उतरत होती. जन्मात पहिल्यांदा मला रस्ता दिसत होता, आणि ताई डावीकडे वळल्या.

"काहो ताई, रस्ता तं इकडून आहे."

"माईत आहे मले."

मी नकाशावर अंगठा धरून त्यांच्यामागे गेले. झाडी संपली आणि एकदम खाली तळं उघडलं. हिरवं, गच्च पाणी, आणि काठाकाठानं उन्हात उतरत गेलेलं रान.

"ते पाय," ताई पाण्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "ते पाय मंदे, त्या काठाले पाण्याचा रंग कसा बदलून राह्यला!"

मी पाहिलं. ताई पाण्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"दरसाल इथूनच जातो मी," त्या म्हणाल्या. "शर्यतीत पयता पयता दिसते. पण 'ते पाय' म्हणाचं कोणाले?"

मागून स्पर्धावाल्यांची शिट्टी ऐकू आली. वेळ संपत आला होता.

"ताई, निकालात नाव येनार नाही बरं."

"बस वं," त्या म्हणाल्या, आणि दगडावर सरकून त्यांनी मला जागा करून दिली.